कच्चा आवाज की घोटलेला (स्वच्छ, घासूनपुसून काढलेला)? ख्रिस्ती एक्स्ट्रीम मेटल (ब्लॅक मेटल, डेथ मेटल) रेकॉर्ड करताना

१९९४ साली न्यूक्लिअर ब्लास्ट या जर्मन लेबलने होर्ड या नावाने 'हेलिग उस्वार्त' हा अल्बम काढला. वादकाच्या जागी फक्त 'ॲनॉनिमस' असा उल्लेख होता. तो वादक म्हणजे मेलबर्नच्या मॉर्टिफिकेशनमधून बाहेर पडलेला ड्रमर जेसन शेरलॉक. पातळ, करकरीत गिटार, सगळीकडे पसरलेले सिम्बल, मागून येणारी किंकाळी असा नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा कच्चेपणा त्यात पुरेपूर आहे आणि शब्द मात्र ख्रिस्ताच्या बाजूचे आहेत. अकरा वर्षांनी, २००५ मध्ये, नॉर्वेच्या ॲन्टेस्टरचा 'द फोर्सेकन' आला. त्यात ड्रमवर मेहेम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा हेलहॅमर आहे, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सुटी ऐकू येते, कीबोर्ड आणि गिटार आपापल्या जागी बसलेले आहेत. श्रद्धा एकच, घराणंही जवळपास एकच, पण आवाज दोन टोकांचे. दोन्ही अल्बम टिकले, कारण दोन्हींत आवाज गाण्याला धरून आहे.

नवे बँड चुकतात ते इथेच. स्वच्छ रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर शेवटी खरखरीचं प्लगइन टाकून ते कच्चं होत नाही, फक्त धूसर होतं. घाईत, कसंतरी रेकॉर्ड केलेलं गाणं मिक्समध्ये घासूनपुसून चकचकीतही होत नाही. वाट माइक लावण्याआधी ठरवावी लागते.

आधी गाणं बघा

अर्धा निर्णय रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, करतो. दोन-तीन तारांवर सलग ट्रेमोलो पिकिंग (पिक झपाट्याने वरखाली मारणं) आणि सावकाश बदलणारे सूर असतील, तर पिकचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येण्याची गरज नसते. सगळे ठोके मिळून एक सलग पडदा तयार होतो आणि खोलीचा घुमारा, टेपची सळसळ यांनी तो आणखी दाट होतो. इथे कच्चं रेकॉर्डिंग शोभतं. पाम म्यूट (तळहाताने दाबलेल्या तारा), मधले विराम आणि डबल किकशी जुळणारे ठोके असा डेथ मेटलचा रिफ असेल, तर रिफ घडतो विरामांमुळे. ते विराम खरखरीने भरले की रिफ मेला. नॉर्वेच्या एक्स्टॉल या बँडच्या 'अनडिसीव्ह्ड' (२०००) सारख्या अल्बममध्ये ताल सतत बदलतात आणि गर्जनेच्या शेजारी स्वच्छ गायकीही आहे. हे साहित्य चार ट्रॅकच्या कॅसेटवर घेतलं असतं तर निम्मी रचना ऐकूच आली नसती.

उरलेला अर्धा निर्णय शब्दांचा. ॲन्टेस्टरने आपल्या संगीताला 'सॉरो मेटल' म्हणजे दुःखाचं मेटल म्हटलं होतं. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी दिलासा येत नाही. अशा विलापाला दूरवरून येणारा, कडा झिजलेला आवाज साजतो. गाण्यात शिकवण असेल, आज्ञा असेल किंवा बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या युद्धाचं वर्णन असेल, तर शब्द पोचायला हवेत आणि मग आवाज समोर आणावा लागतो.

दोन कारणांसाठी मात्र कच्ची वाट धरू नका. एक, ख्रिस्ती असूनही आपण 'खरे' ब्लॅक मेटलवाले आहोत हे कुणाला तरी पटवायला. दुसरं, सराव कमी पडला म्हणून. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये दुरुस्ती जवळजवळ करता येत नाही, म्हणून त्याला सराव जास्तच लागतो.

तरीही मन ठरत नसेल तर एका गाण्याचा एक मिनिटाचा तुकडा दोन्ही पद्धतींनी करा. ऐकण्याआधी दोन्हींची सरासरी पातळी अर्ध्या डीबीच्या (डेसिबलच्या) आत जुळवा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटेल. दुसऱ्या दिवशी ऐका आणि ज्या तुकड्यात रिफ गुणगुणता येतो तो निवडा.

खोली आणि वीज

आपल्याकडची नेहमीची खोली १० बाय १२ फुटांची, सिमेंटच्या भिंती आणि खाली फरशी. अशा खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास लहरी अडकून फुगतात आणि किकचा पायाही तिथेच असतो. ड्रम बरोब्बर मध्यभागी ठेवू नका, माइक कोपऱ्यात ठेवू नका. लांब भिंतीपासून तिसऱ्या हिश्शावर किट मांडा आणि किक मारत दोन-तीन जागा बदलून बघा. टाळी वाजवल्यावर 'टर्रर्र' असा प्रतिध्वनी येत असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एका भिंतीवर गोधड्या टांगा किंवा कापसाच्या गाद्या उभ्या करा. त्या वरचे सूर शोषतात, खालचे नाही, त्यामुळे किकची घुमघुम गादीने जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. कच्च्या रेकॉर्डिंगसाठी एवढं पुरे. घोटलेल्यासाठी सिम्बलच्या वर आणि ड्रमरच्या दोन्ही बाजूंना जाड आच्छादन हवं, कारण कमी उंचीच्या छतावरून परतणारा सिम्बलचा आवाज नंतर काढता येत नाही.

विजेच्या गुणगुणीकडे कच्च्या रेकॉर्डिंगमध्येही काणाडोळा नको. टेपच्या सळसळीला स्वतःचा सूर नसतो, म्हणून ती गाण्यात मिसळते. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर असते. खालच्या जी सुराच्या ती जवळ येते, पण साधारण ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढी. म्हणजे प्रत्येक रिफखाली एक बेसूर 'जी' सूर वाजत राहतो. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, जुनी ट्यूबलाइट बंद करा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. गिटारच्या तारा आणि माइकची जाळी एकाच वेळी अंगाला लागते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

दोन्ही वाटांसाठी रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे १० डीबीपर्यंतच जाऊ द्या. मळ हवा असेल तर तो पेडल, ॲम्प, प्रीॲम्प किंवा टेपमधून येऊ द्या. इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) लाल दिव्यातून येणारी तडतड बोचरी असते आणि ती कोणत्याच सुराशी जुळत नाही.

ड्रम: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कच्च्या वाटेला चार माइक पुरतात. एक किकच्या पुढच्या भोकाशी. एक स्नेअरच्या कडेपासून ३-४ सेंटीमीटर वर, हाय-हॅटकडे पाठ करून. तिसरा स्नेअरच्या बरोबर वर साधारण एक मीटरवर, आणि चौथा फ्लोअर टॉमच्या बाजूला, टॉमच्या कडेपेक्षा जरा उंच, स्नेअरकडे बघणारा. शेवटच्या दोन माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर सारखं हवं. त्यासाठी सुतळी वापरा: एक टोक स्नेअरवर धरा, दुसरं माइकला लावा आणि तीच लांबी दुसऱ्या माइकला घ्या. अंतर वेगळं राहिलं तर स्नेअर दोन्ही माइकमध्ये वेगवेगळ्या क्षणी पोचते आणि एकत्र ऐकताना पोकळ, डबा वाजवल्यासारखी लागते. मिक्समध्ये मुख्य चित्र या दोन वरच्या माइकचंच ठेवा, किक आणि स्नेअरचे जवळचे माइक फक्त आधाराला.

ब्लास्ट बीटची (किक, स्नेअर आणि सिम्बलवरच्या अतिवेगवान सलग ठोक्यांची) खरी अडचण हातांत असते. वेग वाढला की स्नेअरचा हात हलका पडतो आणि राइडचा हात जड होतो, आणि चारच माइक असल्यावर सिम्बल सगळं गिळून टाकतात. यावर मिक्समध्ये औषध नाही. सिम्बल दहा-बारा सेंटीमीटर वर चढवा, पातळ आणि गडद आवाजाचे निवडा, ड्रमरला राइडवर मुद्दाम हलकं मारायला सांगा. स्नेअरची वरची कातडी नेहमीपेक्षा ताणून घ्या. उंच, आखूड 'टक' सिम्बलच्या गदारोळातून आरपार येतो, खोल स्नेअर येत नाही. क्लिक (कानात ताल देणारी टिकटिक) वापरलाच पाहिजे असं नाही. कडव्यागणिक वेग थोडा वरखाली झाला तर गाणं श्वास घेतं. पण ब्लास्टच्या मध्येच वेग घसरत असेल तर ती दमछाक असते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळते.

घोटलेल्या वाटेला नऊ ते बारा माइक लागतात. किकच्या आत बीटरपासून ५ ते ८ सेंटीमीटरवर एक आणि बाहेर एक, स्नेअरला वर आणि खाली, खालच्याचा फेज (लहरीची दिशा) उलटा करून, प्रत्येक टॉमला एक, सिम्बलवर दोन, राइडला वेगळा, आणि खोलीचा एखादा. क्लिक अनिवार्य. नंतर बहुतेक वेळा किकवर सॅम्पल (आधी रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका) चढवावं लागतं आणि त्यात गणित उपयोगी पडतं. २२० बीपीएमला (मिनिटाला २२० ठोके) सोळाव्या हिश्शाच्या दोन किकमध्ये ६८ मिलिसेकंद असतात. ६० हर्ट्झच्या एका लहरीला जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन किकमध्ये जेमतेम चार लहरी मावतात. लांब शेपटीचं, खोल सॅम्पल घेतलंत तर एक किक संपायच्या आत दुसरी येते आणि खाली नुसती घरघर उरते. जलद भागासाठी आखूड सॅम्पल घ्या, पाया ८०-९० हर्ट्झकडे सरकवा, ४५ च्या खालचं कापा. संथ भागात खोल, लांब किक परत आणा. एकच किक अख्ख्या गाण्याला लावणं हा या वाटेवरचा सर्वांत सामान्य दोष आहे.

स्नेअरवर सॅम्पल लागलं तर ते ब्लास्टपुरतं आणि मूळ स्नेअरच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. दोन्हींच्या लहरी मोठ्या करून बघा: पहिलं शिखर एकाच दिशेला आणि एकाच क्षणी हवं, नाहीतर जोडूनही आवाज पातळच होतो. ठोके ग्रिडवर (संगणकातल्या तालाच्या रेषांवर) ओढताना ८० टक्क्यांपर्यंत थांबा. एकच सॅम्पल सलग वाजलं की टाइपरायटर ऐकू येतो, म्हणून निदान चार-सहा वेगवेगळे ठोके फिरते ठेवा.

अनब्लॅक मेटलमध्ये, म्हणजे ख्रिस्ती ब्लॅक मेटलमध्ये, एकट्याने चालवलेले प्रकल्प पुष्कळ आहेत आणि तिथे ड्रम संगणकावर रचलेले असतात. स्नेअर सगळीकडे १२७ च्या, म्हणजे कमाल, जोरावर लिहू नका. ब्लास्टमध्ये ९५ ते ११५, किक १०० ते ११२, आणि प्रत्येक ठोका चार-पाच मिलिसेकंद मागेपुढे. तीन सिम्बल एका वेळी वाजत नाहीत, माणसाला दोनच हात असतात, हे पाळा. मग रचलेले ड्रम स्पीकरवर मोठ्याने वाजवा आणि बाहेर जिन्यात एक माइक लावून तो घुमारा रेकॉर्ड करा. मूळ ट्रॅकखाली हा घुमारा २०-३० टक्के मिसळला की संगणकाचा कोरडेपणा बराच झाकला जातो.

गिटार

तुम्ही सरावात जेवढा गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) ठेवता, त्याच्या तीन चतुर्थांश ठेवा. दोन गिटार एकावर एक चढतात तेव्हा डिस्टॉर्शनही चढत जातं आणि जास्त गेनमध्ये पिकचा ठोकाच चपटा होतो. तपासायची सोपी रीत आहे: गाण्यातला सर्वांत वेगवान रिफ वाजवा आणि एकदम थांबा. थांबल्यावर उरलेला फुत्कार रिफपेक्षा तुमचं लक्ष वेधत असेल तर गेन अजून खाली आणा.

कच्च्या वाटेला छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प चालतो, कधी कधी मोठ्यापेक्षा बरा लागतो. ट्रेबलचं बटण घड्याळातल्या दोन-अडीचच्या जागी, मिड निम्म्यावर, बेस कमी. एसएम५७ सारखा एकच माइक स्पीकरच्या कापडापासून दोन-तीन सेंटीमीटरवर, मधल्या टोपीच्या कडेला रोखून. मध्याकडे सरकवला की कर्कश, बाहेर सरकवला की मऊ. ईक्यू फिरवण्याआधी माइक एक-एक सेंटीमीटर हलवून बघा. प्रत्येक रिफ दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकाच टेकची नक्कल दुसऱ्या बाजूला टाकून रुंदी येत नाही.

डेथ मेटलकडे झुकणारा कच्चेपणा हवा असेल तर बॉसचं एचएम-२ पेडल, चारही बटणं पूर्ण फिरवून. हा स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओचा १९९० च्या आसपासचा आवाज आहे. त्यात १ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा फुगवटा असतो, त्यामुळे ॲम्पवर मिड आणखी वाढवू नका. २०२१ मध्ये बॉसने हे पेडल नव्याने आणलं. जुन्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

घोटलेल्या वाटेवर प्रत्येक टेकबरोबर गिटारचा सरळ, बिनप्रक्रियेचा सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. नंतर ॲम्पचा आवाज आवडला नाही तर तोच सिग्नल पुन्हा ॲम्पमधून काढता येतो. चार टेक: दोन पूर्ण कडेला, दोन ७५ टक्क्यांवर, आतले दोन पाच डीबी खाली आणि कमी गेनचे. ८० ते १०० हर्ट्झखालचं आणि १० किलोहर्ट्झवरचं कापा. ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये एखादी शिट्टी टोचत असते. अरुंद ईक्यू वाढवून ती शोधा आणि तिथे तीन-चार डीबी खाली घ्या. अशा पाच-सहा शिट्ट्या कापायची वेळ आली तर माइकची जागाच चुकली आहे.

तारा दोन्ही वाटांना सुरात हव्यात, टेकगणिक ट्यूनर. गिटारच्या जुन्या तारा कच्च्या वाटेवर खपतात. घोटलेल्यासाठी दर दोन-तीन गाण्यांनंतर बदला.

बेस

ब्लॅक मेटलमध्ये बेस ऐकू येत नाही म्हणून तो गाळणं ही चूक आहे. गाळल्यावर गिटार आणखी पातळ होतात आणि लोक ट्रेबल चढवत बसतात. बेस दोन वाटांनी न्या: एका ट्रॅकवर २५० हर्ट्झखालचा स्वच्छ भाग, कॉम्प्रेसरने चांगला दाबलेला, दुसऱ्यावर ३०० च्या वरचा भाग डिस्टॉर्शनमधून. कच्च्या गाण्यात दुसरा ट्रॅक अगदी कमी ठेवा. पिकने वाजवा.

कंठ आणि शब्द

इथे ख्रिस्ती बँडची जबाबदारी बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. गर्जनेतले शब्द न कळणं या संगीतात चालतं, पण ज्याला आपण संदेश मानतो तो पूर्ण हरवू देणं चालत नाही. शब्द पोचतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि क, ट, त यांची धार अडीच ते पाच किलोहर्ट्झमध्ये असते. नेमकी तिथेच गिटारची करकर बसलेली असते. म्हणून कंठ वाढवण्याआधी गिटारमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबीची रुंद खाच करा. कंठ चालू असेल तेव्हाच ती खाच उघडेल असं ऑटोमेशन (आपोआप होणारा बदल) केलं तर आणखी चांगलं.

कच्च्या वाटेला हातात धरलेला एसएम५८ पुरतो. जाळीभोवती मूठ आवळून गाण्याची सवय रेकॉर्डिंगमध्ये सोडा. मुठीमुळे माइक सगळ्या दिशांनी ऐकू लागतो, मधले सूर फुगतात आणि व्यंजनं बुडतात. कंठ दूरचा हवा असेल तर गायकाला खरोखर दूर उभं करा, ६० सेंटीमीटर ते एक मीटर, उघड्या भिंतीच्या खोलीत. रिव्हर्बने आणलेलं अंतर आणि खऱ्या हवेतलं अंतर यांत कान फसत नाही. घोटलेल्या वाटेवर १० ते १५ सेंटीमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर, आणि मिक्समध्ये दोन कॉम्प्रेसर एकामागे एक: पहिला झपाट्याने शिखरं धरणारा, दुसरा ४:१ वर सावकाश. प्रत्येकाने पाच-सहा डीबी दाबावं. एकालाच बारा डीबी दाबायला लावलंत तर श्वास गर्जनेइतके मोठे होतात. रिव्हर्बऐवजी आठव्या हिश्शाचा डिले वापरा, म्हणजे शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ख, घ, ठ, ध, भ ही महाप्राण व्यंजनं गर्जनेला उत्तम सुरुवात देतात, कारण हवेचा धक्का उच्चारातच असतो. ळ आणि ण मात्र डिस्टॉर्शनमध्ये विरघळतात, म्हणून महत्त्वाचा शब्द त्यांच्यावर संपवू नका. खालच्या गर्जनेत 'आ' आणि 'ओ' लांब टिकतात, 'ई' चपटी होते. किंकाळीत उलटं, तिथे 'ई' धारदार निघते. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत छापून काढलं. ओवीचे तीन सारखे चरण आणि चौथा आखूड ही ठेवण चार मात्रांच्या रिफवर आश्चर्यकारक नीट बसते, कारण आखूड चरणाच्या जागी ड्रमला फिल मिळतो. ख्रिस्ती गीतांच्या मराठी परंपरेत अशी सामग्री पडून आहे आणि एक्स्ट्रीम मेटलवाल्यांनी तिच्याकडे बघावं असं मनापासून वाटतं.

घशाची काळजी: वीस-पंचवीस मिनिटं रेकॉर्डिंग, मग तेवढीच विश्रांती, कोमट पाणी. घसा दुखला तर त्या दिवसाचं काम थांबवा. दुखऱ्या घशाचा टेक कच्चा वाटत नाही, दमलेला वाटतो.

कॅसेटवर घ्यायचं असेल तर

नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडने 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' हा १९९४ चा अल्बम चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर (कॅसेटवर रेकॉर्ड करणाऱ्या छोट्या यंत्रावर) केला, तेव्हापासून या यंत्राला मान आहे. टॅस्कमची ४१४, ४२४ ही मॉडेलं जुन्या बाजारात मिळतात. घेताना दोन गोष्टी तपासा: पट्टा झिजल्यामुळे सूर लहरतो का, आणि चारही ट्रॅक सारख्या पातळीवर येतात का. ही यंत्रं टाइप-२ कॅसेटसाठी बसवलेली आहेत. साधी टाइप-१ घातली तर वरचे सूर बिघडतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. पांढरे डाग दिसणारी कॅसेट यंत्रात घालूच नका, डाग हेडवर पसरतात. हेड दर चार-पाच तासांनी ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा.

ड्रम आधी संगणकावर चार माइकने घ्या, दोन ट्रॅकमध्ये मिसळा आणि टेपवर सोडा. ट्रॅक तीन आणि चारवर गिटार. मीटर शून्याच्या वर तीनपर्यंत जाऊ द्या, गिटारसाठी सहापर्यंत. डीबीएक्स हे खरखर कमी करणारं बटण बंद ठेवा, कारण ब्लास्टमध्ये ते आवाज उचलतं आणि टाकतं, आणि सिम्बल डुलतात. मग चारही ट्रॅक परत संगणकावर आणून बेस आणि कंठ तिथे घ्या. टेपचा वेग सरकतो, म्हणून बेस टेपवरच्या गिटारला ऐकून वाजवा आणि ट्यूनरऐवजी त्या गिटारशीच सूर जुळवा.

मिक्स

कच्चं मिक्स ड्रमच्या वरच्या माइकने आणि गिटारने सुरू करा, मग कंठ, शेवटी किक आणि बेस. घोटलेलं मिक्स उलट्या बाजूने: आधी किक आणि बेस, मग स्नेअर, मग गिटार. क्रम बदलला की निकाल बदलतो, कारण पहिल्याने बसवलेल्याला जागा मिळते आणि नंतर येणाऱ्याला उरलेल्यात बसावं लागतं.

दोन वाटा मिसळता येतात, पण सगळ्या जोड्या जमत नाहीत. खऱ्या खोलीतले ड्रम, स्वच्छ दुहेरी गिटार आणि मळका कंठ ही जोडी चांगली चालते. क्रिमसन मूनलाइट, स्लेख्टफाल्क अशा बँडना आवडणाऱ्यांनी ती आधी करून बघावी. कॅसेटवरच्या गिटारखाली ट्रिगर केलेली (सॅम्पल चढवलेली) किक मात्र जवळजवळ कधीच बसत नाही. टेपने गिटारचे वरचे सूर खाल्लेले असतात आणि किकची ४-६ किलोहर्ट्झची टिकटिक एकटीच वर तरंगते. तशी वेळ आली तर किकवर ३ किलोहर्ट्झच्या वर उतार द्या.

दर तासाला मोनोमध्ये आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. गिटार मोनोमध्ये गायब होत असतील तर कुठेतरी नक्कल टेक किंवा उलटा फेज आहे. आवाज साधारण बोलण्याच्या पातळीवर ठेवा. मोठ्याने ऐकत मिक्स केलं की बेस नेहमी कमी राहतो.

मास्टर आणि प्रत

घोटलेल्या गाण्याला उणे ९ ते उणे ८ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) पुरे. कच्च्याला उणे १२ च्या आसपास थांबा. खोलीचा घुमारा लिमिटरने दाबला की तो ड्रमइतका मोठा होतो आणि ब्लास्ट चिखल होतो. स्पॉटिफायवर पातळी तशीही उणे १४ च्या आसपास आणली जाते, त्यामुळे मोठ्याने करण्याच्या शर्यतीतून तिथे काही मिळत नाही. वरची मर्यादा उणे १ डीबी.

मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शब्द छापा, वचनं वापरली असतील तर अध्याय आणि ओळ द्या. बायबलच्या आधुनिक भाषांतरांवर प्रकाशकाचे हक्क असतात, लांब उतारा छापण्याआधी परवानगी घ्या. कॅसेट काढत असाल तर ए बाजू बी बाजूपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे उलटल्यावर बी बाजू सुरुवातीपासूनच लागते. कॅसेटसाठी वेगळं मास्टर करा: कंठातले 'स' आणि सिम्बल ८ किलोहर्ट्झवर दोन डीबी खाली, कारण जोरात भरलेल्या टेपवर हेच आधी फाटतात. सगळ्या प्रती काढायला सांगण्याआधी एक चाचणी प्रत मागवा आणि ती दोन वेगळ्या डेकवर, दोन्ही बाजू पूर्ण ऐकून मगच होकार द्या.